अनोळखी समुद्रावर गळ टाकताना: जागेनुसार तंत्र आणि साहित्य बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका किनाऱ्यावर वर्षानुवर्षं गळ टाकून हात बसलेला असतो. मग दुसऱ्या समुद्रावर जाणं होतं आणि तीच काठी, तोच दोरा, तेच आमिष घेऊन दिवसभर उभं राहिलं तरी गरीला काही लागत नाही. शेजारचा माणूस मात्र आपल्याला विचित्र वाटणारं काहीतरी करून मासे काढत असतो. ही प्रश्नोत्तरं त्या विचित्र वाटणाऱ्या गोष्टींबद्दल आहेत. माझा अनुभव असा, की त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीमागे तिथल्या पाण्याचं काही कारण असतं. ते कारण कळलं की साहित्य आपोआप सुचतं.

माझ्याकडे चांगली काठी आणि चांगलं रीळ आहे. जागा बदलली म्हणून ते का बदलायचं?

प्रत्येक वेळी बदलावं लागतंच असं नाही. पण काठी घेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात: पाण्याला ओढ किती, तळ कसा, पाणी किती नितळ आणि माशाचं तोंड कसं आहे.

ब्रिटनमध्ये किनाऱ्यावरून मासेमारी करणारे बारा फुटांहून लांब, दणकट काठ्या वापरतात आणि दीडशे ग्रॅमच्या आसपासचं तारा लावलेलं शिसं फेकतात. तिथे भरतीची ओढ जबर असते, पाणी बहुधा गढूळ असतं आणि मासा अनेकदा दूरवर चरत असतो. भूमध्य समुद्रावर गेलात तर बरेच जण पाच-सात मीटरची हलकी, लवचिक काठी, केसासारखा दोरा आणि छोटा तरंगा घेऊन बसलेले दिसतील. तिथे भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी काही सेंटिमीटरांचाच असतो, पाणी काचेसारखं असतं आणि मासा जाड दोरा लांबूनच ओळखतो. या दोघांनी साहित्याची अदलाबदल केली तर दोघेही रिकाम्या हाताने परततील. यात कुणाची पद्धत मागासलेली आणि कुणाची पुढारलेली असं काही नाही.

भरती-ओहोटीचं गणित सगळीकडे सारखंच असतं ना?

नाही, आणि बाहेरगावी गेलेल्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पण मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच जागी दिवसातून एकच भरती येते. ‘सकाळची भरती गेली, आता संध्याकाळची धरू’ हा हिशेब तिथे कोलमडतो.

पाणी किती चढतं यातही प्रचंड तफावत आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात उधाणाला हा फरक 16 मीटरपर्यंत जातो. अशा ठिकाणी सकाळी जिथे मासा लागला, ती जागा दुपारी कोरडी पडलेली असते. जिथे चढउतार मोठा असतो, तिथे सहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. जुना ठोकताळा असा: एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मधल्या दोन तासांत पाण्याचा निम्मा चढ होऊन जातो. त्या वेळी हलकं वजन तळाला टिकत नाही. वाळूच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मागून पाणी वेढा घालतं तेही याच तासांत.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांग हा फरक आपल्याला ठाऊक असतो. नव्या ठिकाणी मात्र विचारायचं ते वेगळंच: इथे मासा उधाणाला लागतो की भांगेला? जिथे ओढ मुळातच प्रचंड आहे तिथे अनेकदा भांगेचे दिवस बरे, कारण उधाणाला दोरा सांभाळण्यातच वेळ जातो. जिथे ओढ नावापुरतीच आहे तिथे उधाणाची वाट पाहतात, कारण पाणी हललं की मासाही हलतो.

आणि जिथे भरती नसल्यातच जमा आहे, तिथे वारा, लाट आणि उजेड पाहायचा. भूमध्य किनाऱ्यावर वादळानंतर कातळाशी फेस उसळत असतो, तेव्हा सी बास त्या फेसाच्या आडोशाने किनाऱ्याला येतो. शांत, निळ्या दुपारी तोच मासा तुमच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

ओढ खूप असेल तर वजन वाढवत जायचं का?

आधी वजनाचा आकार बदला, मग वजन वाढवा. गोल गोळी वाळूवर गडगडते. पिरॅमिडसारखं टोकदार शिसं वाळूत रुतून बसतं, पण मऊ चिखलात ते इतकं खोल जातं की ओढून काढणं जिवावर येतं. चिखलाला चपटं शिसं बरं. तारांचं शिसं वाळूत नांगरासारखं पकडतं आणि जोराने ओढलं की तारा मागे मुडपून सुटतं. कातळात किंवा प्रवाळात मात्र काहीही अडकणारच. तिथे शिसं मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीच्या छोट्या दोऱ्याने बांधायचं, म्हणजे अडकलं तर फक्त शिसं जातं, मासा आणि गरी हातात येते.

ओढीशी झगडण्याची मला सगळ्यात आवडणारी युक्ती इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर रुजली. तिथे पाणी उथळ आणि ओढ जोराची. नांगरलेल्या बोटीला पाणी आपटून होणाऱ्या आवाजाने मासा बोटीपासून दूर राहतो. म्हणून तारांचं शिसं प्रवाहाच्या वरच्या अंगाला, बोटीपासून दूर फेकतात आणि भरपूर दोरा सोडून पाण्यात त्याची मोठी कमान होऊ देतात. ती कमान शिशाला तळाशी धरून ठेवते. मासा आमिष घेऊन निघाला की रुतलेल्या शिशाच्या विरोधाने गरी आपोआप बसते, शिसं सुटतं आणि काठीचं टोक वाकायच्या ऐवजी एकदम सैल पडतं. सवय नसलेला माणूस ‘मासा सुटला’ समजून थांबतो. तिथे त्याच क्षणी भराभर रीळ फिरवायचं असतं.

मोनो, ब्रेड की फ्लोरोकार्बन?

हे दोऱ्याचे तीन प्रकार: मोनो म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा, ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांचा विणलेला दोरा आणि फ्लोरोकार्बन हा वेगळ्या प्लास्टिकचा एकपदरी दोरा. तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत आणि जागा त्यातून निवड करते.

साधा नायलॉनचा मोनो ताणतो. उथळ लाटेत हा ताण उपयोगाचा: लाटेचे धक्के तो पचवतो आणि माशाचं मऊ तोंड फाटून गरी सुटत नाही. पण शंभर मीटर खोल पाण्यात हाच ताण शत्रू होतो. वर काठीला झटका दिला तरी तो दोऱ्यातच विरतो, तळाशी गरी हलतसुद्धा नाही. नॉर्वेच्या किनाऱ्यालगतच्या खोल पाण्यात कॉडसाठी जड जिग (धातूचं बनावट आमिष) सोडतात तेव्हा ब्रेड वापरतात ते म्हणूनच. ब्रेड जवळजवळ ताणत नाही, आणि तेवढ्याच ताकदीच्या मोनोपेक्षा पुष्कळ बारीक असल्याने पाणी त्याला कमी ओढतं. परिणामी वजनही कमी लागतं.

ब्रेडचं दुखणं म्हणजे घासणं. कातळाच्या धारेवर किंवा शिंपल्यांनी भरलेल्या खांबावर तो क्षणात तुटतो. म्हणून पुढे मोनोचा किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गरीच्या बाजूचा वेगळा तुकडा, बांधावाच लागतो, आणि तो किती लांब नि किती जाड हे तळावर ठरतं. शिवाय ब्रेड पाण्यापेक्षा हलका असतो. आडव्या वाऱ्यात त्याची मोठी कमान पडते आणि आमिष कुठे आहे याचा हाताला पत्ताच लागत नाही.

फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा जड, लवकर बुडणारा आणि पाण्यात कमी दिसणारा. त्यातून उजेड जवळजवळ पाण्यासारखाच वळतो. नितळ उथळ पाण्यात लीडर म्हणून त्याचं मोल मोठं. गढूळ खाडीत त्यावर जास्त पैसे घालवण्यात मला अर्थ दिसत नाही.

किनाऱ्यावरून जड शिसं फेकणार असाल तर एक नियम कुठल्याही देशात मोडू नका. बारीक मुख्य दोऱ्याच्या पुढे फेकीचा झटका सोसणारा जाड दोरा, म्हणजे शॉक लीडर, हवाच: दर 28 ग्रॅम वजनामागे 10 पाउंड ताकद. 140 ग्रॅमचं शिसं असेल तर 50 पाउंडांचा लीडर. तो काठीच्या दुप्पट लांब असावा आणि वर रिळावर त्याचे काही वेढे यावेत. फेकताना तुटलेलं शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं आणि किनाऱ्यावर इतर माणसंही असतात.

बोटीवर जाणार असाल तर आधी विचारा. बऱ्याच बोटींवर सगळ्यांना एकाच प्रकारचा दोरा वापरायला सांगतात, कारण ब्रेड आणि मोनो एकमेकांत गुंतले की सोडवता सोडवत नाहीत.

पॅकेटवरचे आकडे देशोदेशी वेगळे का दिसतात?

मापांच्या परंपराच वेगळ्या आहेत. जपानी पद्धतीत ब्रेडवर ‘पीई 1’, ‘पीई 2’ असे आकडे असतात. हा आकडा जाडीचा आहे, ताकदीचा नाही. पीई 1 म्हणजे साधारण 0.165 मिलिमीटर. त्याच आकड्याच्या दोन दोऱ्यांची ताकद वेगळी असू शकते. अमेरिकी पॅकेटवर पाउंड असतात, युरोपात मिलिमीटर आणि किलो. 1 पाउंड म्हणजे सुमारे 0.45 किलो, एवढं पाठ असलं की पुरतं.

गऱ्यांचा गोंधळ याहून मोठा. पाश्चात्त्य पद्धतीत 6 नंबरची गरी 2 नंबरपेक्षा लहान. 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 असं मोजणं सुरू होतं आणि तिथून पुढे आकडा वाढेल तशी गरी वाढते. जपानी गऱ्यांत सरळ हिशेब आहे, मोठा आकडा म्हणजे मोठी गरी. फक्त नंबर सांगून गऱ्या मागवल्या तर भलत्याच मापाच्या हातात येतात. शक्यतो डोळ्यांनी पाहून घ्या.

म्हाकुलासाठीची ‘एगी’ (कोळंबीसारखं दिसणारं बनावट आमिष) 2.5, 3, 3.5 अशा मापांत मिळते. ही ‘सुन’ या जुन्या जपानी एककातली मापं आहेत. 1 सुन सुमारे 3 सेंटिमीटर, म्हणजे 3.5 ची एगी साधारण साडेदहा सेंटिमीटरची. रिळावरचा 4000 किंवा 5000 हा आकडा तर कंपनीगणिक बदलतो. तिथे किती जाडीचा किती मीटर दोरा मावतो ते वाचा.

गरीचा आकार जागेप्रमाणे बदलतो की माशाप्रमाणे?

माशाप्रमाणे. पण हल्ली कायद्याप्रमाणेही. सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेली गरी, माशाच्या घशात न अडकता बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात बसते, त्यामुळे सोडून दिलेला मासा जगण्याची शक्यता वाढते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बाससाठी आमिष लावून मासेमारी करताना 2021 पासून सर्कल हुक सक्तीची आहे.

या गरीशी जुळवून घेताना हाताची सवय मोडावी लागते. ‘जे’ आकाराच्या गरीवर ओढ जाणवली की झटका देतात. सर्कल हुकवर झटका दिलात तर ती माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येते. काहीही न करता दोरा ताठ होऊ द्यायचा आणि संथपणे रीळ फिरवत राहायचं. मला ही सवय लागायला बरेच दिवस गेले आणि त्या काळात सुटलेले मासे अजून आठवतात.

दातेरी मासे असतील तर?

सुरमई, बॅराकुडा, ब्लूफिश यांच्या पाण्यात पुढे तारेचा छोटा तुकडा लावा. नितळ पाण्यात तार दिसून मासा बिचकत असेल तर जाड मोनो लावून थोडे लुअर (बनावट आमिषं) गमावण्याची तयारी ठेवा.

जिताड्याची गोष्ट वेगळी. हाच मासा उत्तर ऑस्ट्रेलियात बॅरामंडी म्हणून ओळखला जातो आणि तिथल्या खाड्यांत बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत दबा धरून असतो. त्याचे दात बारीक, पण कल्ल्याची झाकणं ब्लेडसारखी. शिवाय गरी लागली की तो पहिल्या दोन सेकंदांत फांद्यांत शिरू पाहतो. म्हणून तिथे आखूड, ताकदवान काठी, घट्ट ड्रॅग (माशाने ओढल्यावर रिळातून दोरा किती जोराला सुटेल हे ठरवणारा रिळाचा ब्रेक) आणि घासणं सोसणारा जाड लीडर. एरवी ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवतात; तिथे तो याहून घट्ट करण्याचं धाडस करावं लागतं.

याच्या अगदी उलट बोनफिश. फ्लोरिडा आणि बहामाच्या गुडघाभर, नितळ पाण्यात तो लागला की मोकळ्या सपाटीवर शंभर मीटर सरळ पळतो. अडकायला काहीच नसतं, म्हणून हलका ड्रॅग आणि रिळावर भरपूर दोरा. तिथे खरं कौशल्य फेकण्याआधीचं आहे: पाण्यावरची चकाकी कमी करणाऱ्या पोलराइज्ड चष्म्यातून मासा आधी पाहायचा, त्याच्यावर सावली पडू द्यायची नाही, आणि आमिष त्याच्या डोक्यावर न आपटता वाटेत पुढे टाकायचं.

आमिष इथलंच घ्यावं की सोबत न्यावं?

तिथलंच. तिथल्या माशाला तिथल्या अन्नाचा वास माहीत असतो, हे एक कारण. दुसरं कारण रोगांचं. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतांत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग सापडला. आयात केलेल्या कच्च्या कोळंबीत हा विषाणू असू शकतो, म्हणून खाण्यासाठी दुकानात मिळणारी आयात केलेली कोळंबी गरीला लावू नका असं तिथे बजावून सांगतात. जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्यात नेणं तर कुठेच करू नये.

आमिष लावायची रीतही पाहून घ्या. दक्षिण आफ्रिकेत आमिषावर बारीक लवचिक धागा गुंडाळून त्याची घट्ट सुरळी करतात, कारण ते खवळलेल्या लाटांपलीकडे जोराने फेकायचं असतं. नुसतं लावलेलं आमिष हवेतच सुटून जाईल. न्यूझीलंडमध्ये स्नॅपरसाठी नेमकं उलट करतात: वजन जवळजवळ नाहीच, माशांचा चुरा पाण्यात सोडायचा आणि त्या प्रवाहाबरोबर आमिषाचा तुकडा सैल वाहू द्यायचा. या चुऱ्याला तिथे आणि ऑस्ट्रेलियात ‘बर्ली’, अमेरिकेत ‘चम’, तर ब्रिटनमध्ये ‘रबी डबी’ म्हणतात. काही ठिकाणी तो टाकायला मनाई असते.

लुअर कुठेही चालतात ना?

चालतात, पण वेग बदला. थंड पाण्यात माशाचं शरीर मंदावतं, तिथे हळू ओढा आणि मधेमधे थांबा. उष्ण पाण्यातल्या सुरमईसाठी हात दुखेपर्यंत वेगाने ओढावं लागतं. माप तिथल्या लहान माशांएवढं ठेवा. रंगांवरून लोक तासन्‌तास वाद घालतात. माझ्या मते खोली आणि वेग जमला तर रंग नंतरचा.

समुद्रात नेहमी समुद्राचेच मासे मिळणार हे तरी नक्की?

तेही नाही. बाल्टिक समुद्राच्या बऱ्याच भागात वरच्या पाण्याचा खारटपणा हजार भागांत 6 ते 8 इतकाच, महासागरात तो 35 च्या आसपास असतो. त्यामुळे बाल्टिकच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्यातले पाइक आणि पर्च लागतात. तिथे नदी-तलावाची हलकी काठीच कामाची.

परवाना आणि मापांचे नियम कसे शोधायचे?

त्या देशाच्या किंवा राज्याच्या मत्स्य विभागाच्या अधिकृत माहितीतच, आणि प्रत्येक सहलीआधी नव्याने. न्यूझीलंडमध्ये समुद्रात हौशी मासेमारीला परवाना लागत नाही, पण किती आणि केवढे मासे ठेवायचे यावर काटेकोर मर्यादा आहेत. फ्लोरिडात बाहेरून येणाऱ्यांना सहसा परवाना घ्यावा लागतो, आणि स्नूकसारख्या माशाला किमान आणि कमाल अशी दोन्ही मापं आहेत. मोठा मासा का सोडायचा, असं नवख्याला वाटतं. जिताड्याचं उदाहरण घ्या: तो आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो. मोठे मासे उचलले तर अंडी घालणाऱ्या माद्याच जातात.

मोजण्याची रीतही तपासा. काही माशांची लांबी तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात, काहींची शेपटीच्या खाचेपर्यंत. फ्लोरिडात स्नूक पहिल्या रीतीने मोजतात, सुरमईच्या जातीचे मासे दुसऱ्या.

खोल पाण्यातून वर काढलेला मासा सोडला तर तो उलटाच तरंगतो. काय करावं?

दाब कमी झाल्याने त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगलेली असते. त्याला तसंच सोडलं तर पक्षी किंवा शार्क त्याला उचलतात. जबड्याला क्लिप लावून माशाला वजनासह पुन्हा खोल नेणारं साधं साधन मिळतं; तळाशी गेल्यावर ते सुटतं. खोल पाण्यातल्या हेकरू किंवा स्नॅपरसाठी जाणार असाल तर हे साधन काठीइतकंच आवश्यक समजा. मर्यादेएवढे मासे मिळाले की खोल पाण्यातली मासेमारी थांबवणं अधिक चांगलं.

प्रवासात नेमकं काय न्यावं?

तीन-चार तुकड्यांची एक मध्यम ताकदीची काठी, एक रीळ, ब्रेड भरलेलं एक जादा स्पूल (रिळाचा दोरा गुंडाळायचा भाग), दोन-तीन जाडीचे लीडर, पकड, कात्री, पोलराइज्ड चष्मा. शिसं नेऊ नका, ते जड असतं आणि तिथल्या तळाला चालेलच असं नाही. डेन्मार्कमध्ये तर शिशाची वजनं विकायलाच बंदी आहे. गऱ्या आणि आमिषही तिथेच घ्या. पहिल्या दिवशी शक्यतो काठी बाहेर काढूच नका. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जा, उघडे पडलेले खळगे आणि कातळ पाहून ठेवा. भरतीला मासा तिथूनच फिरणार आहे.

तिथले लोक सांगतात ते माझ्या अनुभवाशी जुळत नाही. कुणाचं ऐकू?

त्यांचं. निदान पहिले दोन दिवस.

अनोळखी किनाऱ्यावर धोके कसे ओळखायचे?

कातळावर उतरण्याआधी अर्धा तास दूर उभं राहून लाटा पाहा. मोठ्या लाटा गटाने येतात आणि दोन गटांमध्ये बराच वेळ शांत जाऊ शकतो. कोरडा दिसणारा कातळ सुरक्षित असतोच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये कातळावरून मासेमारी करताना इतकी माणसं दगावली, की 2016 च्या कायद्याने ठरावीक भागांत लाइफजॅकेट सक्तीचं झालं. कायदा नसेल तिथेही घाला.

उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत दडलेलं पाकट सरकून जातं. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम, सुमारे 45 अंशांच्या पाण्यात ठेवा, त्याने वेदना कमी होतात, आणि डॉक्टरांकडे जा. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या खाड्यांत पाण्याच्या कडेला उभं राहूच नका, तिथे मगरी आहेत.

ओळखीचा नसलेला मासा लागला तर?

हाताने धरू नका. स्टोनफिशसारख्या माशांच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. पकडीने गरी काढा, निघत नसेल तर लीडर गरीजवळ कापा.

आणि ओळख पटेपर्यंत खाऊ नका. पफरफिशचं विष जीवघेणं असतं. प्रवाळ असलेल्या उष्ण समुद्रांत आणखी एक धोका आहे, सिग्वाटेरा. सूक्ष्म शैवालातून येणारं हे विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही, आणि शिजवून किंवा गोठवून ते जात नाही. कॅरिबियनमध्ये ज्या बॅराकुडाला तिथले लोक हात लावत नाहीत, तोच दुसऱ्या समुद्रात निर्धास्तपणे खातात. म्हणून कोणत्या जागचा, कोणता मासा, किती मोठा झाल्यावर खात नाहीत, हे धक्क्यावर बोटीतून उतरणाऱ्या माणसांना विचारा, आणि ते नाही म्हणाले तर मासा पाण्यात परत सोडा.